बोर्डावरची सात नावं

सोलापुरातल्या सरकारी कार्यालयात महेश्वरी वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन बसली होती. शेजारच्या दोघी तिला ओळखत नव्हत्या. त्यांची मुलं तिच्या वडिलांनी चालवलेल्या मतिमंदांच्या वसतिगृहात होती.

“अनुदान आलंय, पण सही कराय विश्वस्तच न्हाईत.”

“बोर्डावर सात नावं हायती की!”

“सहा कवाच वारले. त्यांच्या जागी दुसरं कुणी बसवायचं सरांच्या जिवावर यायचं. आता सातवे सरच गेले.”

“मग माझा ल्योक बसू कुटं जायचा? चाळिशीचा हाय, बटण लावता येत न्हाय.”

“सोमवारपतूर घरी न्या म्हणत्यात.”

“घरी कोण हाय? मीच सत्तरीची.”

“सरांनी बुडिवलं बघ.”

“असं बोलू नगं. बसूला हातानं भरवायचे गं ते.”

महेश्वरीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली तशी बसूच्या आईनं पाय आवरले.

“जावा बाई. तुमचं तरी काम हू दे.”