सदुभाऊंनी नेलेली चावी

शालूताई, सदुभाऊंच्या घरची मंडळी, आणि इथे जमलेले आपण सगळे,

मला सभेत बोलायची सवय नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला दोन शब्द बोलते, तेवढंच. आज कागदावर लिहून आणलंय. मी मॅट्रिक शिकलेली बाई, मेकॅनिकबद्दल काय सांगणार, असं घरातून निघताना यांनीही विचारलं. पण मला सांगायलाच हवं. सदुभाऊंना मी एकदा चार लोकांसमोर फार वाईट बोलले होते. ते शब्द चार लोकांसमोरच परत घ्यायला हवे होते. दोन वर्षं मी ते टाळत राहिले. आता सदुभाऊच नाहीत.

बोअरवेलच्या कामामुळे यांना शेताशेतांतून, नाल्यांतून गाडी न्यावी लागते. म्हणून आमची ती जुनी फोर-व्हील जीप. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी तिचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. हे संध्याकाळी घरी यायचे तेव्हा यांच्या मनगटांना मुंग्या आलेल्या असायच्या. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही, जरा हलतं. मला मात्र दिवसभर काही सुचायचं नाही. फोन वाजला की आधी देवाचं नाव घ्यायचे आणि मग उचलायचे. शेवटी मीच यांना परदेशीपुऱ्यात सदुभाऊंच्या वर्कशॉपवर घेऊन गेले.

सदुभाऊंनी गाडीला हातही लावला नाही. आधी प्रश्न विचारले. कधी थरथरते? कुठल्या स्पीडला? सीट थरथरते की फक्त स्टिअरिंग? ब्रेक लावल्यावर, की सरळ चालताना? आपोआप, की खड्डा गेल्यावर? हे म्हणाले, "भाऊ, बस, हिलती है." सदुभाऊ हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, घरचा हिशोब तुम्हीच लिहिता ना? मग हेही लिहा. आठ दिवस. जेव्हा थरथरते तेव्हा लिहा, आणि जेव्हा थरथरत नाही तेव्हाही लिहा."

तेव्हाही लिहा. हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

मी लिहिलं. आठ दिवस यांच्या शेजारी मांडीवर वही घेऊन बसले. माझे दीर चेष्टा करायचे, वहिनी, जीपची जन्मपत्रिका मांडताय का, एवढं तर डॉक्टर पण विचारत नाही. पण आठ दिवसांनी वहीतून दोन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. एक, साठच्या पुढे गाडी गेली की स्टिअरिंगला बारीक कापरं भरायचं. सीटला नाही, फक्त स्टिअरिंगला. दुसरी, पन्नासच्या आसपास असताना पुढचं एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं डावं-उजवं झटके द्यायचं, आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थांबायचं नाही.

सदुभाऊंनी वही वाचली आणि म्हणाले, ही दोन दुखणी आहेत, एक नाही.

पहिलं दुखणं तर माझंच होतं. धुलाईचे पैसे वाचवायचे म्हणून जीप मी घरीच बादलीने धुवायचे. चाकं बाहेरून लख्ख. सदुभाऊंनी चाक खोलून मला आतली बाजू दाखवली. तिथे काळ्या मातीचे थर वाळून खापरासारखे चिकटलेले. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. म्हणाले, "वहिनी, चाक फिरतं तेव्हा ही माती त्याला ओढते. तुम्ही चेहरा धुतलात, मान राहिली." सगळे हसले, मीही हसले. त्यांनी माती खरवडून काढली, चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, आणि ते बारीक कापरं गेलं.

दुसरं राहिलं. त्यासाठी गाडी दोन दिवस ठेवा, खालून सगळं एकेक करून पाहावं लागेल, असं ते म्हणाले. पण त्याच आठवड्यात त्यांना लेकीकडे जावं लागलं. आणि आमचं ओंकारेश्वर ठरलेलं. हे मागे आजारातून उठले, तेव्हाचा माझा नवस होता. आम्ही सहा जण जाणार होतो, त्यात माझी नणंद आणि तिची दोन मुलं.

मला धीर धरवला नाही. मी यांच्या मागे लागून गाडी दुसऱ्या एका दुकानात पाठवली. त्यांनी स्टिअरिंगला नवा डॅम्पर बसवला. पंपासारखा दिसतो तो, धक्के सोसून घेतो. गाडी घरी आली. मी स्वतः बसून पाहिलं. खड्डा आला, गेला, स्टिअरिंग शांत. मी म्हटलं, नर्मदामाईने ऐकलं. गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, वही कपाटात ठेवून दिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सदुभाऊ लेकीकडून परतल्याचं कळलं. मी आनंदाने फोन केला. म्हटलं, भाऊ, आता तुम्हाला त्रास नाही, गाडी बरी झाली, नवा डॅम्पर टाकला. वीस मिनिटांत सदुभाऊ स्कूटरवर आमच्या दारात हजर. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाले. वही कुठे आहे, विचारलं. मी आणून दिली. शेवटचं पान पाहून म्हणाले, "डॅम्पर टाकल्यापासून काहीच लिहिलं नाही?" मी म्हटलं, आता थरथरतच नाही, तर काय लिहू.

मग त्यांनी खाली वाकून तो नवा डॅम्पर सोडवला. जीप कॉलनीतून, समोरच्या रोडवरून एकदा फिरवून आणली. परत येताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं, आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाडी पहिल्यासारखी झटके द्यायला लागली.

आणि तेव्हा मी ते बोलले. नणंद उभी होती, दीर उभे होते, शेजारचे शर्माजी उभे होते. मी म्हटलं, "बरी झालेली गाडी तुम्ही पुन्हा आजारी केलीत. दुसऱ्याने दुरुस्त केली ते तुम्हाला सोसलं नाही. देवाच्या वाटेत आडवे कशाला येता?"

शालूताई, हे तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. बहुतेक नसेल सांगितलं. त्यांचा तो स्वभावच नव्हता.

ते एवढंच म्हणाले, वहिनी, आत बसा आणि स्टिअरिंग थोडं-थोडं डावं-उजवं करत राहा. स्वतः जमिनीवर आडवे झाले. मग त्यांनी यांना स्टिअरिंगवर बसवलं आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, पुढच्या एक्सलपर्यंत एक आडवा दांडा जातो, एक्सल जागेवर राहावा म्हणून. त्याच्या टोकाचा बोल्ट ज्या भोकात बसतो, ते भोक झिजून लांबट झालेलं. स्टिअरिंग हललं की बोल्ट आधी भोकातल्या भोकात सरकायचा, मग दांडा हलायचा. आणि ज्या पट्टीला ते भोक होतं, तिच्या कडेला केसासारखी चीर. सदुभाऊंनी बॅटरीचा उजेड धरला आणि मला त्या चिरेवर बोट फिरवून पाहायला लावलं. माझ्या बोटाला ती लागली. अजून आठवली की बोट मी पदरात लपवते.

ते म्हणाले, "वहिनी, गाडी बोलत होती. त्या डॅम्परने तिचं तोंड बांधलं. दुखणं होतं तिथेच आहे. उद्या वाटेत सिमरोलच्या घाटात ही पट्टी सुटली, तर स्टिअरिंग हातात असूनही काही उपयोग होणार नाही."

मी तरीही म्हटलं, मुहूर्त ठरलाय. खरं सांगते, मी तरीही म्हटलं. सहा माणसं, त्यात दोन मुलं, आणि मी मुहूर्ताचं बोलत होते.

सदुभाऊंनी चावी काढून खिशात टाकली. म्हणाले, "चावी मी नेतो. बाकीच्या शिव्या उद्या द्या." आणि स्कूटरला किक मारली.

आम्ही दुसऱ्या दिवशी बसने गेलो. घाटात प्रत्येक वळणावर मी खिडकीतून खाली बघत होते. ओंकारेश्वराला काय मागितलं ते आठवतही नाही. परत आलो तेव्हा पट्टी नवी वेल्ड झालेली, बोल्ट नवा, आणि गाडी दारात उभी.

आणि मी काय केलं? यांच्या हाती प्रसाद पाठवला. स्वतः गेले नाही. लाज वाटत होती. नंतर ते भेटायचे, कधी कृष्णपुऱ्याच्या बाजूला, कधी मंडळात. वही चालू आहे ना, असं हसून विचारायचे. मी चालू आहे म्हणायचे, घरची चौकशी करायचे आणि पुढे निघायचे. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी बोलू. पुढची वेळ असेलच, असं मी धरून चालले होते.

आज मला काळजी वाटते. तुम्हाला खोटं कशाला सांगू. चाक खड्ड्यात गेलं की अजूनही माझा हात डॅशबोर्डवर जातो. आणि आता शांत गाडीचीही भीती वाटते. विचारायला जावं तर परदेशीपुऱ्यातलं ते शटर बंद आहे. तुमच्यापैकी कोणाची गाडी थरथरत असेल, तर एवढंच सांगते, ती गप्प करू नका, आधी कारण शोधा. हे मी सांगत नाहीये. हे त्यांचं आहे.

शालूताई, तुमच्या माणसाने त्या संध्याकाळी माझ्या घरची सहा माणसं वाचवली, आणि मी त्यांच्यावर मत्सराचा आळ घेतला. शर्माजी आज इथे बसले आहेत. माझी नणंद तिथे मागे बसली आहे. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्याचसमोर सांगते. सदुभाऊ, मी चुकले होते. तुम्ही आडवे आला नव्हतात, तुम्ही आमच्यासाठी उभे राहिला होतात. मला माफ करा.

माझ्याच्याने आता पुढे बोलवत नाही. आपण सगळे उभे राहू या, आणि दोन मिनिटं त्यांच्यासाठी शांत राहू या.