कापिझाच्या कोंबड्या

नाही हो बाळ, घरात दोष काही नाही. छप्पर गळत नाही, पाणी डोंगरावरून थेट येतं, आणि सफरचंदाची झाडं तर तुम्हाला इथूनच दिसतायत. आत या म्हणत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका — इथेच बाकावर बसा, त्या टोकाला, मी या टोकाला. दारी आलेल्याला चहा न देता परत पाठवायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण आज नाही. सून कामावर गेलीय, किल्ल्या तिच्याकडे. जाहिरात आम्हीच दिलेली, विकायचंच आहे घर — फक्त आज दाखवता येत नाही.

ती वरची, डोंगराकडची पांढरी इमारत? कुंपणाची? विचारणारच तुम्ही, सगळेच विचारतात. प्रयोगशाळा आहे ती. खालच्या बाजारात कुणालाही विचारा, एक सांगेल तिथे विषाणू पाळतात, दुसरा सांगेल नवे घडवतात, जसा शिंपी पोरांचे कपडे शिवतो तसे — इकडून कापायचा, तिकडून जोडायचा, आणि बघायचं आता किती जणांना लागतो. तिसरा फोनवर चित्रफीत दाखवेल. खरं काय विचाराल तर — तिथे माझी सून काम करते, आणि मलाही माहीत नाही.

शोल्पान तिचं नाव. दौरेनची बायको, माझ्या धाकट्याची. तिचा बाप माळावर प्लेगचे उंदीर पकडायचा, उंटावर तंबू घालून महिना महिना हिंडायचा, आणि ही त्याच्या मागे. लग्न होऊन आली तेव्हा मी म्हटलं, दौरेन, अरे शहरात शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर नव्हत्या, तुला उंदीरवालीच सापडली? तर ही हसली. रागावली नाही, हसली. तेव्हा माणसं तिला मानायची हो. कुणाचं मेंढरू मेलं, कुणी मरमोट, म्हणजे माळावरच्या बिळातला तो मोठा उंदीर, मारून आणला — आधी शोल्पानला दाखवा, ती म्हणाली खा तर खायचा. ही शेजारची कापिझा, तिचं निळं फाटक दिसतंय ना, ती तर माझ्या सुनेला विचारल्याशिवाय मांस चिरत नसे.

मग ते महामारीचं वर्ष आलं. दौरेन शहरात बस चालवायचा. दिवसभर माणसं खोकत चढायची, खोकत उतरायची. जुलैत तो गेला. दवाखान्यात खाट नव्हती, इथे पुढच्या खोलीत गेला, माझ्या मांडीवर. आता तुम्हीच सांगा, आजार कुठून आला — बसमधून, नाही का? पण गल्लीला बस दिसली नाही, बायको दिसली. वरून कपड्यांत घेऊन आली म्हणाले. मयताला चार माणसं जमवताना माझ्या थोरल्याच्या नाकी नऊ आले. आणि शुक्रवारी शोल्पाननं नवऱ्याच्या नावानं सात पोळ्या तळल्या, आमच्यात गेलेल्यासाठी तळतात, घरोघर वाटतात, कुणी नाही म्हणत नाही, शत्रूही म्हणत नाही — तर ही ताट घेऊन गेली आणि तसंच ताट घेऊन परत आली. एकानंही दार उघडलं नाही. आम्ही दोघींनी बसून त्या पोळ्या खाल्ल्या. सातही. रडत नव्हती ती, नुसती चावत होती.

सोड म्हटलं ती नोकरी. मला अपा म्हणते ती, आईला म्हणतात तसं. म्हणाली, अपा, मी सोडली तर प्लेग सोडणार आहे का? बोलायला हुशार. पण कापिझापुढे नाही चालली ती हुशारी. मागच्या हिवाळ्यात कुठलीशी बातमी आली, कुठल्या तरी देशात म्हणे पक्ष्यांच्या तापाचा विषाणू मुद्दाम बदलला, हवेतून पसरेल असा केला, उद्या काय येऊ शकतं ते आधीच कळावं म्हणून. खरी की खोटी देव जाणे, पण गल्ली पेटली. शाळेच्या खोलीत सभा भरली, शोल्पानला बोलावलं, समजावून सांग म्हणाले. ही गेली. चांगलं तासभर समजावलं — आम्ही तसलं करत नाही, आमच्याकडे जुनेच आजार, कुलपाआड, आणि जे करतात तेही कुणाला मारायला करत नाहीत. माणसं मऊ पडत होती हो, मी बघत होते. तेवढ्यात कापिझा उठली आणि एवढंच म्हणाली, "आणि सांडलं तर?"

शोल्पान खाली बसली.

अहो, एक शब्द बोलायचा होता. सांडत नाही, म्हणायचं होतं. बस. सगळे घरी जाऊन झोपले असते. वाटेत मी म्हटलं, का गं बाई, जीभ झडली होती का? म्हणाली, "अपा, माणसांचे हात आहेत. हातातून सांडतं." त्या दिवसापासून आमच्या फाटकाकडे कुणी फिरकलं नाही. म्हणून घर विकायचं. तिच्या बापाच्या गावाला जाऊ म्हणाली, तिथे लोक उंदरांना भितात, माणसांना नाही.

बसा, बसा. घाई कसली. माझ्याशी तरी कोण बोलतंय इतके दिवस.

तर आता ह्या वसंतात कापिझाच्या कोंबड्या मेल्या. संध्याकाळी दाणे खात होत्या, सकाळी सगळ्या आडव्या, आणि बदकं मान वाकडी करून गोल गोल फिरतायत. गुरांच्या डॉक्टरांच्या कचेरीत तिनं फोन केला तर सोमवारी येऊ म्हणाले. कोंबड्या सोमवारची वाट बघतात होय? मग आली ना कापिझा. ह्याच फाटकाशी. आत नाही आली, कठडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "शोल्पान, माझी नात रोज त्यांना कुशीत घेते." झालं. माझ्या सुनेनं एक प्रश्न विचारला नाही. माळावर घालायचा तिचा जुना पोशाख काढला, तोंडाला जुनीच पट्टी, आणि गेली. उरलेली बदकं तिनं मारली, खड्डा खणला, चुना टाकला, नमुने घेऊन पाठवले. एकटीनं. अख्खी गल्ली पडद्याआडून बघत होती. आणि रात्री म्हणाले काय असतील? वरून हिनंच आणलं, आता पुरावा पुरतेय.

मी विचारलं तिला. का नाही विचारणार, मीही माणूसच आहे. म्हटलं, खरं सांग, वरचं आहे का हे? ती नखं घासत होती, घासतच राहिली. म्हणाली, "तिथे वर माझ्या खोलीत प्लेग आहे, अपा. शेजारच्या खोलीचं दार मी कधी उघडलेलं नाही. मला वाटत नाही वरचं असेल. पण वाटणं म्हणजे माहीत असणं नाही." आणि मग म्हणाली, इतक्या लवकर मरत नाहीत गं कोंबड्या. म्हणजे दरवर्षी मरतात तशा नाही मेल्या. जंगली बदकं येतात, त्यांचंही असेल. काहीही असेल. तिला माहीत नाही, मग मला कुठून, तुम्हाला कुठून?

कापिझाची नात बरी आहे. ती बरी आहे हो, खेळतेय. त्यातल्या त्यात तेवढं बरं.

हात लावू नका त्या कठड्याला. — नाही, मघाशी म्हटलं ती कामावर गेलीय — नाही गेलेली. इथेच आहे, मागे. उन्हाळी स्वयंपाकघर आहे आमचं परसात, तिथे तिनं स्वतःला कोंडून घेतलंय. ताप आला त्या दिवशी स्वतःच बिछाना उचलून गेली, आतून कडी लावली. दवाखान्यात फोन केला तिनं, ते म्हणाले त्या नमुन्यांचा निकाल येईपर्यंत घरीच वेगळ्या राहा. निकाल काही येईना. मी खिडकीच्या फळीवर सूप ठेवते, मागे सरते, मग ती घेते. काचेतून बोलतो आम्ही. काल बोलली. दौरेनचं काहीतरी जुनं सांगत होती, तो बसमध्ये गाणी म्हणायचा ते — मध्येच दम लागला. आज सकाळचं सूप अजून — झोपली असेल म्हटलं. झोपू दे. गरम करून परत ठेवीन.

तुम्ही उठलात. उठा, उठायलाच हवं. मी आधीच सांगायला हवं होतं, पण मग तुम्ही बसलाच नसता. घाबरू नका, वारा तुमच्याकडून इकडे वाहतोय, आणि मला काही झालेलं नाही. हात मात्र धुवा, खाली नळ आहे, साबण — थांबा. ऐकू येतंय? मागून. तिचा फोन वाजतोय. निकाल असेल. दवाखान्याचाच असेल, दुसरं कोण करतंय तिला फोन.

उचलेल आता. लांब ठेवते ती, उठायला वेळ लागतो.

वाजतोय अजून.

जा तुम्ही, बाळ. जा म्हणते ना. — शोल्पान? — अगं शोल्पान, फोन —