लाल हँडल

बर्फाच्या डोंगरांतून म्युनिककडे परतणाऱ्या रेल्वेगाडीत मागच्या सीटवर मराठी ऐकू आलं, तशी तनयाने कानातली गाणी हळूच बंद केली. सासरे आणि सून बोलत होते.

"बाबा, हिमस्खलनाचा धोका वाढलाय म्हणून हॉटेलवाला बजावत होता, तरी शेखर स्की घेऊन निघालाच होता!"

"बॉस सोबत होता ना त्याच्या. मागे कसा हटेल?"

"आणि तुम्ही नाश्त्याच्या टेबलावर हँडल ओढून त्याच्या सॅकमधली, हिमस्खलनात वर तरंगत ठेवणारी एअरबॅग फुगवलीत! बॉसची कॉफी थेट मांडीवर!"

"फार गरम होती का गं?"

"बाबा! ती पुन्हा भरायला नवा गॅस सिलेंडर नाही, म्हणून जाणं रद्द. शेखर केवढा ओरडला तुमच्यावर!"

"ओरडू दे."

"आणि दुपारी तोच उतार अख्खा खाली आला. गेनाऊ, अगदी तोच! चुकून का होईना, वाचवलंत दोघांना."

"ऊर्मिला, चाळीस वर्षं मशीनवर काढली मी. लाल हँडल कोणी चुकून ओढतं का?"

"मग सरळ 'जाऊ नकोस' म्हणायचं ना!"

"बॉससमोर? पोराची लाज गेली असती. म्हाताऱ्याचा वेंधळेपणा काय, खपून जातो."

मागे डब्याचं झाकण उघडलं.

"घ्या बाबा. शेखरसाठी ठेवला होता हा लाडू."