डाव्या नाकपुडीतलं बटण

नाक-कान-घशाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक पंचेचाळिशीची बाई बसली होती. तिचा भाऊ तपासणीच्या खोलीतून बाहेर आला.

"काय म्हणाले? नाकाचा पडदा वाकडाच असणार, तुझ्या स्वभावासारखा. सरळ करणार, की वाढलेलं मांस कापणार?"

"दोन्ही नाही, ताई. पडदा सरळ आहे. डाव्या नाकपुडीत खडा झालाय."

"मुतखड्यासारखा?"

"तसाच. कशावर तरी थर चढत गेलेत. स्कॅनमध्ये आत बटण दिसतंय, चार भोकांचं. लहानपणी गेलं असणार म्हणे."

"बटण?"

"शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं, घाण वास येतो म्हणून. आई तीन-तीनदा दात घासायला लावायची. वास नाकातून येत होता, ताई. चाळीस वर्षं."

"तू चार वर्षांचा होतास. माझ्या बाहुलीचा हात तोडलास, म्हणून रागाने मीच घातलं. काढायला गेले, तर आणखी आत गेलं."

"आईला का नाही सांगितलंस?"

"तिने चामडी लोळवली असती. नंतर वाटलं, शिंकताना पडलं असेल."

"खरंच वाटलं?"

"पहिलं वर्षभर."

"मग?"

"मग तू झोपलास की तुझा श्वास ऐकू यायचा. मी अंथरूण आजीच्या खोलीत नेलं."

भावाने स्कॅनची फिल्म पाकिटात सरकवली.

"कधी काढणार आहेत?"

"उद्या. भूल देऊन. आज जवळच्या नातेवाइकाची सही हवी आहे."

"आण कागद, मी करते."

"नको. हिला बोलावतो."