डब्यावरचा लाल दिवा

वहिनी, रफिकभाई, ऑर्केस्ट्रातली जुनी मंडळी आणि मेहरूणच्या या गल्लीतले सगळे शेजारी.

मला बोलायची सवय नाही. गावच्या शाळेत शिकलो, धुळ्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करतो, सभेत मागच्या रांगेत बसतो. आज सुधाकरच्या शोकसभेतही मागेच बसलो होतो. पण वहिनी सकाळी म्हणाल्या, "बापू, तुम्ही बोला. जे झालं ते सगळं बोला. माझी हरकत नाही." म्हणून उभा आहे. आवाज कापला तर सांभाळून घ्या.

माझ्याआधी तिघं बोलले. तिघांनीही सांगितलं की सुधाकर कधी खोटं बोलला नाही. कुणाचा कॉम्प्युटर दुरुस्त होण्यासारखा नसला तर तोंडावर सांगायचा, "घेऊन जा, यात जीव नाही." खरं आहे. तुमच्याशी तो खोटं बोलला नाही.

माझ्याशी बोलला. आठ-नऊ वर्षं बोलला. दर महिन्याला बोलला. हसून बोलला, चहा पाजून बोलला.

फोटोशेजारी तो काळा डबा ठेवलाय, तो बघा. पुढे छोटा लाल दिवा आहे. तुम्हाला वाटलं असेल, दुकानातली काही वस्तू आठवण म्हणून ठेवली. हा डबा माझ्या मोठ्या भावाचा. प्रल्हाद. घरात आम्ही त्याला नाना म्हणायचो. धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात तो कीबोर्ड वाजवायचा आणि सुधाकर त्यांचा साउंड सांभाळायचा. सुधाकर माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करायचो. ते त्यानेच लावलेलं वळण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा डबा आपण होऊन काही वाजवत नाही. त्याच्या पोटात वाद्यं आहेत. बाहेरून वायरीने हुकूम येतो, अमुक वाद्य, अमुक सूर, इतका वेळ. डबा तो हुकूम आपल्या गळ्याने गातो. जुन्या कॉम्प्युटर गेममधलं संगीत असंच असायचं. त्यात गाणं भरलेलं नसायचं, नुसते हुकूम असायचे. साध्या कॉम्प्युटरवर ते डासाच्या गुणगुणीसारखं वाजायचं. हा डबा जोडला की वाटायचं, भिंतीपलीकडे पंचवीस माणसं वाद्यं घेऊन बसली आहेत.

पण जोडणं सोपं नव्हतं. सुधाकरकडे फ्लॉपीवर एक जहाजाचा गेम होता. त्या गेमला वाटायचं, समोर कुठला तरी दुसराच डबा आहे. तो बासरी मागायचा आणि इथून ढोल वाजायचा. नाना आणि सुधाकर तालमीच्या खोलीत बसून एकेक वाद्य योग्य घरात नेऊन बसवायचे. नवा कॉम्प्युटर लावला तर हुकूम इतके भराभर यायचे की डबा अडखळून थांबायचा. नाना ओरडायचा, "अरे सुधा, त्याला दम तरी खाऊ दे!" मग पुन्हा जुना, संथ कॉम्प्युटर काढायचे.

आणि मग नानाने एक गंमत केली. आमचं गाव शिरपूरच्या वरच्या अंगाला. सातपुड्यातली माणसं बाजाराला यायची, सणाला पावरी वाजवायची. लांब पावरी, भोपळ्याची, दम लागतो फुंकायला. नानाने महिनाभर खपून डब्यातल्या आवाजांमधून तो आवाज घडवला आणि बासरीच्या घरात नेऊन बसवला. म्हणजे त्या परदेशी जहाजाने बासरी मागितली की उत्तर पावरी द्यायची. समुद्र त्यांचा, वारा आमचा. त्या गाण्यात एके ठिकाणी सगळी वाद्यं एकदम यायची, तेव्हा डब्याला पेलायचं नाही आणि पावरीचा लांब सूर मध्येच तुटायचा. नाना म्हणायचा, "तुटू दे. वाजवणाऱ्याचा दमही तिथेच तुटला असता."

कावीळ झाली आणि नाना गेला. तिशीही गाठली नव्हती.

डबा आमच्या घरी आला. आमच्या घरी त्याचं काय करणार? कुणाला लावता येत नव्हता. सुधाकर भेटायला आला तेव्हा मी तो त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "बापू, मी ह्याला जिवंत ठेवीन." हेच शब्द. जिवंत ठेवीन.

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी मी धुळ्याहून एसटीने जळगावला यायचो. पहाटे पूजा करून निघायचो. दुकानाच्या आतल्या खोलीत सुधाकर तो जुना कॉम्प्युटर सुरू करायचा, जहाजाचा गेम लावायचा. आम्ही खेळायचो नाही. पहिल्या पडद्यावर जहाज उभं असतं, तिथेच थांबायचो आणि गाणं ऐकायचो. मी चपला बाहेर काढायचो. तो थट्टा करायचा, "अरे बापू, हा काय गाभारा आहे का? उद्या नारळ आणशील!" मी म्हणायचो, "आणीन. तू फोडशील का?" तो म्हणायचा, "खोबरं मिळणार असेल तर फोडतो."

मी खरंच हात जोडायचो. लपवत नाही. मूर्तीत देव असतो असं मानणारा माणूस आहे मी. भावाचा श्वास एका डब्यात आहे हे मानायला मला काय अवघड?

आता झालं काय, ते सांगतो. हा डबा जपानचा. आपल्या भिंतीतला करंट त्याला सोसत नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, विटेएवढा जड. ऑर्केस्ट्रातल्या मंडळींना आठवत असेल, तो ट्रान्सफॉर्मर कोण वाहायचं? सुधाकर. कुणी नुसता प्लग हातात घेतला तरी तो स्टेजच्या त्या टोकावरून ओरडायचा, "आधी ट्रान्सफॉर्मर!" लग्नात, गणपतीत, कुठेही. मंडळी त्याला चिडवायची, ह्याच्या लग्नात अंतरपाटाऐवजी ट्रान्सफॉर्मर धरा.

त्याच सुधाकरने दिवाळीच्या आधी रंग देण्यासाठी खोली रिकामी केली. सगळं परत लावताना, कशी नजर चुकली कोण जाणे, डबा सरळ भिंतीच्या बोर्डात लावला.

हे मला वहिनींनी सांगितलं. परवा सांगितलं, तो गेल्यावर. म्हणाल्या, "टक् असा आवाज झाला. जळका वास आला. हे खाली जमिनीवरच बसले. दुपारी जेवले नाहीत. मला म्हणाले, बापूला कळू द्यायचं नाही."

मला कळलं नाही. त्या दिवाळीनंतर मला फोन आला, "बापू, कॉम्प्युटर बिघडलाय. सुटा भाग मिळत नाही. येऊ नको इतक्यात." मी थांबलो. पावसाळा गेला, पुढची दिवाळी गेली. मग फोन आला, "ये. लागलं सगळं."

मी गेलो. चपला काढल्या. त्याने थट्टा केली नाही. लक्षात घ्या मंडळी, त्या दिवसापासून त्याने ती थट्टा पुन्हा कधीच केली नाही. मला वाटलं, वय झालं, माणूस शांत झाला.

लाल दिवा जळत होता. गाणं लागलं. पावरी आली. मी डोळे मिटले. आणि वाद्यांच्या गर्दीच्या जागी सूर तुटला नाही. मी म्हटलं, "सुधा, आते सूर तुटत नही रे." तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "जरा दुरुस्त केलं." मी म्हटलं, "कशाला केलंस? तो नानाचा दम होता."

पुढच्या महिन्यात गेलो. सूर तुटला. बरोब्बर त्याच जागी.

कळतंय का तुम्हाला? डबा मेलेला होता. आवाज त्याने आणलेल्या नव्या कॉम्प्युटरमधून येत होता. वर्षभर हा माणूस रोज संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या जुन्या कॅसेटी लावून बसला. त्यात नानाची पावरी टाळ्यांखाली, शिट्ट्यांखाली कुठेतरी दबलेली. ती ऐकून ऐकून त्याने कॉम्प्युटरमध्ये तशीच दुसरी बनवली. आणि मी तक्रार केली तर तिच्यात चूकही बनवून घातली. तुटलेला सूर हाताने तोडला. आणि तो लाल दिवा? दिवा तेवढा त्याने वेगळा जोडला होता. मागून एक बारीक वायर, कॉम्प्युटरच्या खाचेत. आत काही नाही. नुसता दिवा.

मी त्या दिव्याला हात जोडत होतो.

परवा वहिनी म्हणाल्या, डबा तुमचा, घेऊन जा. मी ट्रान्सफॉर्मरसकट उचलला आणि रफिकभाईंच्या दुकानात नेला. म्हटलं, नीट चालतोय ना एवढं बघा. रफिकभाई, तुम्ही झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणालात, "बापू, बसा जरा." मी म्हटलं, "बसायला काय झालं?" तुम्ही म्हणालात, "हा कधीच जळालाय. अंदर सगळं काळं आहे. यातली मेमरी गेली, काहीच निघणार नाही." मी म्हटलं, "रफिकभाई, गेल्या महिन्यात ऐकलाय मी." तेव्हा तुम्ही ती बारीक वायर बोटावर धरून दाखवलीत.  मी डबा घेऊन तसाच वहिनींकडे परतलो, तेव्हा त्यांनी कॅसेटींपासून सगळं सांगितलं.

राग कशाचा आला? डबा जळाला त्याचा नाही. देवाशपथ नाही. वस्तू आहे, जळते. सुधाकर, तू त्या दिवशी फोन केला असतास तर मी आलो असतो. आपण दोघं खाली जमिनीवर बसलो असतो. एकत्र रडलो असतो. नाना दुसऱ्यांदा गेला होता, त्याचं सुतक तू एकट्याने पाळलंस. मला त्यातून बाहेर ठेवलंस. मला सोसणार नाही, हे तू ठरवलंस. कुणी सांगितलं तुला? मी भावाला खांदा दिलेला माणूस आहे. एका डब्याला देता आला नसता?

आणि आई. हे बोलू की नको, असं सकाळपासून चाललंय. शेवटच्या वर्षी आईला दिसत नव्हतं. नानाला ती पल्ल्या म्हणायची. म्हणाली, मला एकदा पल्ल्याचं वाजवणं ऐकव. मी तिला गाडी करून इथे आणलं. सुधाकरने खुर्चीवर उशी ठेवली. गाणं लावलं. आई ऐकत राहिली, मग हात पुढे करून डबा चाचपला, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हाऊ तर मना पल्ल्याना दम शे." माझ्या पल्ल्याचा श्वास आहे हा, असं म्हणाली. डबा तेव्हा थंड पडलेला असणार. म्हातारीच्या हाताला तो थंडपणा कळला नसेल का? मला माहीत नाही. सुधाकर उठून बाहेर गेला होता. मला वाटलं, चहा सांगायला गेला.

आई त्याच समाधानात गेली. लोक मला म्हणतात, बघ, सुधाकरमुळे म्हातारीला सुख मिळालं. मिळालं, नाकारत नाही. पण तिने ओळखलं कुणाला? तिच्या मुलाला, की सुधाकरला? हे मी आता कुणाला विचारू? आईला विचारता येत नाही. नानाला नाही. आणि ज्याला विचारायचं, ज्याची कॉलर धरून विचारायचं, तो फोटोत बसून हसतोय.

सगळे मला सांगतात, बापू, माफ कर. त्याने मायेपोटी केलं. मायेपोटीच केलं, एवढं मलाही कळतं. वर्षभर दुसऱ्याच्या भावाचा श्वास कोण जुळवत बसतं? पण माफ करायला माणूस समोर लागतो. आधी भांडावं लागतं. तू मला भांडूही दिलं नाहीस. मी रोज देवासमोर दिवा लावतो, आणि परवापासून रोज मला हाच दिवा दिसतो. काल हात जोडले गेले नाहीत. आज जोडले, पण मन लागलं नाही. माझं एवढं नुकसान तू केलंस, सुधाकर. बाकी सगळं सोड.

आज सकाळी वहिनींनी डबा फोटोशेजारी ठेवला आणि सवयीने ती वायर लावली, आज मोबाइलच्या चार्जरला. म्हणाल्या, "ह्यांना आवडायचा जळताना." मी इथे बसून तासभर त्या दिव्याकडेच बघतोय.

वहिनी, आता ती वायर मी काढतो. रागाने काढत नाही. राग आहे, खोटं कशाला बोलू. पण या दिव्याच्या मागे काही नाही, आणि ते आपण सगळ्यांनी एकदा मिळून बघावं असं मला वाटतं. ज्या दिवशी डबा जळाला, त्या दिवसापासून त्याच्यात एक शांतता होती. ती सुधाकर एकटा ऐकत होता. माझ्या शेजारी बसून, पावरी वाजत असताना, तो ती ऐकत होता. किती जड गेलं असेल त्याला, हे आत्ता बोलता बोलता प्रथमच मनात आलं. ट्रान्सफॉर्मर वाहणारा माणूस तो. हेही एकट्यानेच वाहिलं.

मंडळी, कृपा करून उभे राहा. जमेल त्यांनी. बसून राहिलात तरी चालेल.

हा काढला दिवा.

नाना, तुझी शांतता माझ्यापासून लपवून ठेवली होती. आज मिळाली. सुधाकर, तुला माझा नमस्कार. राग सोडलेला नाही, तसाच घेऊन करतोय. आता दोन मिनिटं कुणी काही बोलू नये, काही वाजवू नये. हा डबा खरा जसा आहे, तसा त्याला ऐकू या.