प्रोसेसर सुटा मिळत नाही

मुलुंडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात श्वेता आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं आणि काकांच्या मांडीवर त्यांचा जुना सीपीयू. कंपनी याचा नवा प्रोसेसर सुटा विकत नाही, अख्खं मशीनच घ्यावं लागेल, असं दुकानदाराने नुकतंच सांगितलं होतं.

काका तावातावाने म्हणाले, “विकायलाच पाहिजे त्यांनी. तसा कायदाच पाहिजे!”

“का म्हणून? त्यांचा माल, त्यांची मर्जी.”

“मिक्सरचं भांडं मिळतं ना सुटं?”

“भांडं मिळतं. मोटर कोण देतं, अहो?”

“बाकी सगळं ठणठणीत आहे गं. तेवढं एक बदललं की पळेल.”

“नवा घेऊ ना मग. आपला निलेश कधीचा मागे लागलाय.”

“नव्यावर तुला परत पहिल्यापासून शिकायला लागेल, रत्ना. डोळे अधू झाल्यापासून तू यावरच वाचतेस. अक्षरं मोठी कशी करायची, वाचून कसं घ्यायचं, सगळं हाताला बसलंय तुझ्या.”

“शिकवलं कोणी?”

“मीच.”

“मग परत शिकवा. रोज संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसायचात. मला यायला लागलं, तसे उठून बातम्यांपुढे जाऊन बसलात.”

काकांनी मांडीवरचा सीपीयू खाली ठेवला. श्वेताचा नंबर आला, तिने त्यांनाच पुढे जाऊ दिलं. काका दुकानदाराला म्हणाले,

“सुयोग, नवा दाखव रे. जरा शिकायला वेळ लागेल असा.”