काच मागच्या दाराला

—नाही हो, फ्रेम माझी, काच त्याची. फ्रेम इथे, पुढच्या दाराला. काच मागच्या दाराला. आणि आतून जायचं नाही — तो लाल पट्टा दिसतोय ना जमिनीवर? कोर्टाच्या माणसानं मारलाय. आधी वाकडा मारला होता, मग पुसून पुन्हा मारला. तुम्ही ओलांडलात तर चालेल तसं, तुमच्यावर काही दावा नाही — पण गिऱ्हाइकाला कशाला भलती सवय लावा. बाहेर पडायचं, डावीकडे वळायचं, लाँड्रीच्या बाजूनं गल्लीत शिरायचं, की मागचं दार. तिथे माझा धाकटा भाऊ असतो. बसा ना, कोपरे चिकटायचेत अजून. काय म्हणताय? — थांबा, आधी ऐका तर, नाहीतर तुमच्या डोक्यात नीट बसायचं नाही.

दुकान वडिलांचं. त्यांनी बांधलं तेव्हा इथून ओढा वाहायचा. ओढा बुजवला, दुकान मागे वाढवलं, पण हद्द काही बुजली नाही — पुढची खोली या गावात, मागची शेजारच्या गावात. म्हणजे मी गिऱ्हाइकाशी बोलायचो या गावात आणि बारक्या शिंकायचा त्या गावात. बारक्या म्हणजे तोच. पन्नाशीला आलाय, पण बारक्याच. कोणाची काही तक्रार नव्हती. वडिलांनी मला लाकूड शिकवलं, त्याला काच. मला काच कापता येत नाही, साहेब, खरंच सांगतो — कटर फिरवला की भलतीकडेच तडकते. आणि त्याला कोपरा जुळवता येत नाही. त्याच्या कोपऱ्यातून मुंगी सहकुटुंब जाईल.

भांडण ना? काचेवरूनच. एका बाईंच्या घरी भिंतीवर टांगल्या टांगल्या फ्रेमची काच तडकली. मी म्हटलं, तू काच मोठी कापलीस. तो म्हणाला, तू फ्रेम आवळलीस. झालं! बाई बिचाऱ्या म्हणताहेत, अहो, दुसरी बसवून द्या की — पण ऐकतो कोण? बोलता बोलता गाडी 'दुकान कोणाचं' इथवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी या गावच्या कोर्टात गेलो — अख्खं दुकान माझं. आणि त्याच सकाळी तो त्या गावच्या कोर्टात — अख्खं दुकान त्याचं. एकाच बापाची पोरं, डोकी एकदमच फिरायची. दोघांनी शपथेवर लिहून दिलं, या वादाचा दुसरा दावा कुठेही चालू नाही. खोटं नव्हतं हं ते! मला त्याचं माहीत नव्हतं, त्याला माझं नव्हतं.

नंतर कळलं. कळल्यावर कोर्टाला सांगायला हवं होतं — हो, मान्य. पण झालं काय, माझ्या कोर्टानं त्याला पुढे यायला मनाई केली आणि त्याच्या कोर्टानं मला मागे जायला. माझ्या वकिलांनी हात मिळवून अभिनंदन केलं. त्याच्या वकिलांनीही त्याचं केलं असणार. दोघेही जिंकलो! आणि दुकान? होतं तसंच. पुढे मी, मागे तो. फक्त बोलणं बंद. आता सांगा, कोर्टाला कळवायचं कशाला? कळवलं की एक दावा थांबणार, एकच उरणार, आणि एकाला चालतं व्हावं लागणार. म्हणून मी गप्प. तोही गप्प.

—हो हो, तुम्हाला काहीतरी सांगायचंय, कळलं मला. जरा ही कड धरा. घट्ट. अस्सं.

तसं मला सगळं कळतं त्याचं. गिऱ्हाईक फ्रेम दाखवायला परत येतं ना, तेव्हा विचारतो — काच बरी कापली ना? खोकत नव्हता ना? चष्मा नवा केलाय म्हणे. एक मास्तर म्हणाले, गुडघा धरून उठतो, खाली बसवत नाही त्याला. मी काही केलं नाही. एक उंच स्टूल पडून होतं इथे, ते मास्तरांच्या हाती पाठवलं — म्हटलं, तुमच्या घरचं आहे म्हणून सांगा. त्यात काय एवढं? अडगळ होती. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे.

आता जुन्या वकिलांचा मुलगा काम बघतो. हुशार आहे, फार हुशार आहे. त्यानं शोधून काढलं — आपला दावा त्या सकाळी आधी दाखल झाला, बारक्याचा नंतर. हा कागद बघा. यावर सही केली की त्याचा दावा थांबला, मग अख्खं दुकान माझंच समजा. रोज फोन करतो पोरगा. मी म्हणतो, पेन सापडत नाही. तो म्हणतो, काका, फ्रेमच्या दुकानात पेन नाही? म्हटलं, आम्ही पेन्सिल वापरतो, खोडता येते. आज संध्याकाळी स्वतः पेन घेऊन येणार आहे म्हणे. सही केली तर काच कोण कापणार? — बाजारातून येईल हो कापून, काचेला काय तोटा आहे! काचेचं नाहीच ते. मला जिंकायचं होतं, साहेब. त्याला घालवायचं नव्हतं. हे वकिलाला सांगितलं तर तो म्हणेल, मग कोर्टात कशाला आलात? बरोबरच आहे त्याचं.

—घ्या, झाली तुमची फ्रेम. आता बाहेर पडा, डावीकडे वळा, लाँड्रीच्या—

काय? तिथूनच आलात? मग आधी नाही का बोलायचं! — बरं बरं, मीच बोलू दिलं नाही. काय म्हणाला तो? काच आता पुढेच मिळेल? पुढे कशी मिळेल? पुढे तर मी आहे! टेम्पो? कसला टेम्पो? — काचा भरतोय? सगळ्या? अहो, दावा चालू आहे त्याचा, असं कसं — मागे घेतला? कधी? आणि मला कोणी... हां, मला कोण सांगणार. नीट सांगा, त्याच्या शब्दांत सांगा. 'दुकान थोरल्याचं होऊन जाऊ दे एकदाचं.' असं म्हणाला? रागानं म्हणाला का? — रागानं नाही?

पण मी सही केलेली नाही. हा बघा ना, सहीची जागा कोरीच आहे. तुम्हीच बघा.

सुरू केला होता का हो टेम्पो? गल्लीनं जाईपर्यंत निघून जाईल तो. ती फ्रेम ठेवा तिथेच — कोपरे हलतील, हलू देत. सरका. सरका म्हणतो ना! कोर्टाचं कोर्ट बघून घेईल. बारक्या! ए बारक्या, थांब—